लिहिलेली लाट

पावसाळा सरला, नद्यांनी आणलेला गाळ तळाशी बसला, की मालवणच्या किनाऱ्याचे पाणी निवळते. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दहा-अकराच्या उन्हात, चिवल्याला किंवा तारकर्लीला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून खाली पाहिले, तर वाळूवर उन्हाचे जाळे पसरलेले दिसते. त्याचे धागे बोटाएवढे जाड, कडेला किंचित पिवळसर आणि मध्ये पांढरेशुभ्र असतात. दोन धागे जवळ येतात, एकमेकांना चिकटतात, तिथे गाठ पडते; ती गाठ क्षणभर लखलखते आणि लगेच सुटते. हे जाळे कोणी विणलेले नसते. वर पाण्याच्या पृष्ठभागावर लहरी असतात, खाली वाळू असते आणि मधल्या पाण्यात सूर्यप्रकाश एकवटतो, फाकतो आणि पुन्हा एकवटतो. एकवटलेला प्रकाश त्रिमितीत हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी नेऊन ठेवणे हे आजच्या प्रकाशविज्ञानातले एक मोठे आव्हान आहे, आणि त्याचाच एक बेबंद नमुना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी दर सेकंदाला घडत असतो. या प्रकरणाचे म्हणणे थोडक्यात असे : प्रकाश हलवायला भिंग किंवा आरसा हलवावाच लागतो असे नाही. प्रकाशाच्या वाटेत कुठे किती उशीर व्हावा, एवढे ठरवता आले की पुरते. समुद्र हा उशीर आंधळेपणाने वाटतो. होलोग्राफी तो लिहून काढते.

आधी समुद्राचे गणित पाहू. लहरीचा माथा हे पाण्याचे बहिर्वक्र भिंग आणि दोन माथ्यांमधला खळगा हे अंतर्वक्र भिंग. समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३४ असतो. त्यावरून असे निघते की वरून सरळ आलेला प्रकाश माथ्याच्या वक्रतात्रिज्येच्या सुमारे चौपट खोलीवर एकवटतो. एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत ३० सेंटीमीटर लांब आणि खळग्यापासून माथ्यापर्यंत १ सेंटीमीटर उंच अशी लहर घेतली, तर तिच्या माथ्याची त्रिज्या सुमारे ४६ सेंटीमीटर येते आणि नाभी, म्हणजे प्रकाश एकवटण्याची जागा, पडते सुमारे १.८ मीटरवर, म्हणजे पुरुषभर पाण्यात. लहरीची उंची दुप्पट झाली की नाभी ९० सेंटीमीटरवर, कमरेएवढ्या पाण्यात वर येते. म्हणजे वाऱ्याची एक झुळूक फिरली तरी प्रकाशाची रेषा डावी-उजवीकडेच नव्हे, वर-खालीही सरकते. ही लहर सेकंदाला सुमारे ७० सेंटीमीटर वेगाने पुढे जाते. तिच्याबरोबर धावणारी सेंटीमीटरभर रुंदीची रेषा तळावरच्या एका ठिकाणावरून साधारण १५ मिलिसेकंदांत निघून जाते. येर्झी देरा आणि दारिउश स्त्राम्स्की या पोलिश समुद्रवैज्ञानिकांनी १९८६ मध्ये अशा झोतांची मोजमापे प्रसिद्ध केली. उथळ पाण्यात, मंद वाऱ्याच्या वेळी, क्षणिक झोतांची तीव्रता तिथल्या सरासरी उजेडाच्या कित्येक पट होते आणि ते काही मिलिसेकंद ते काही दशक मिलिसेकंद टिकतात, असे त्यांना आढळले. तेव्हा वेग आहे, तीव्रता आहे, तिन्ही दिशांची हालचाल आहे. नाही ती एकच गोष्ट, ताबा.

ताबा मिळवायचा तर लहर प्रकाशाला नेमके काय करते हे समजले पाहिजे. प्रकाश ही तरंगांची पुढे सरकणारी फळी आहे असे धरू. या फळीला तरंगाग्र म्हणतात. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा कमी असतो. लहरीच्या माथ्यावर पाण्याचा थर जाड, म्हणून तिथून जाणारा तरंगाग्राचा भाग मागे राहतो. दोन्ही बाजूंचे भाग पुढे निघून जातात. आता किनाऱ्यावरची रापण आठवावी. होडीने अर्धवर्तुळात सोडलेल्या जाळ्याचे दोन्ही दोर माणसे दोन बाजूंनी ओढत असतात. एका बाजूचा हात सैल पडला की ती बाजू मागे राहते, दुसरी पुढे येते आणि सारे जाळे मागे राहिलेल्या बाजूकडे वळते. प्रकाशाचेही तसेच होते. माथ्याखाली तरंगाग्राचा मधला भाग मागे राहिला, की दोन्ही कडा आतल्या बाजूला वळतात आणि काही अंतरावर एकमेकींना मिळतात. तीच नाभी. उशीर एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे सारखा वाढत गेला, तर प्रकाश त्या बाजूला कलतो. मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असला, तर एकवटतो. उलट असला, तर फाकतो. काचेचे भिंग, पाण्याची लहर, डोळ्यातले भिंग, सगळ्यांचे काम शेवटी एकच : जागोजागी वेगवेगळा उशीर वाटणे.

इथे चोखंदळ वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. समुद्राच्या लहरी म्हणजे होलोग्राम नव्हे. उन्हाचे जाळे समजायला साधे किरणांचे भूमितीशास्त्र पुरते. होलोग्राफीला लागते तसे तरंगांचे काटेकोर व्यतिकरण त्यात नाही. हे खरेच आहे, आणि तळावरचा धागा बोटाएवढा जाड का, याचे उत्तरही त्यातच आहे. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. पाण्यात शिरताना हा कोन थोडा आकसतो, तरी पुरुषभर खोलीवर त्याचा ठसा सव्वा सेंटीमीटरच्या आसपास पडतो. लहर कितीही नेटकी असली तरी रेषा त्याहून बारीक होऊ शकत नाही. शिवाय सूर्यप्रकाशात सगळे रंग मिसळलेले आणि तरंग एकमेकांशी ताळमेळ नसलेले. एकाच रंगाचा, एकाच तालात चालणारा लेसरचा प्रकाश घेतला, तर तो तरंगलांबीच्या अर्ध्याएवढ्या ठिपक्यात, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या जागेत एकवटवता येतो. पण या फरकाने मूळ मुद्दा ढळत नाही. समुद्र आणि होलोग्राम यांच्यात तत्त्व समान आहे ते उशिराचे. फरक आहे तो हा उशीर किती काटेकोरपणे नेमता येतो याचा.

काटेकोरपणा म्हणजे किती? हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. एक सेंटीमीटर उंचीची लहर माथा आणि खळगा यांच्यात जो फरक पाडते, तो अशा सुमारे सहा हजार आठशे तरंगलांब्यांचा असतो. एवढा उशीर लिहायचा तर जाडजूड काच हवी असे वाटेल. पण तरंगाची एक सोय आहे : एक पूर्ण तरंगलांबी उशीर झाला, की तरंग पुन्हा पहिल्यासारखाच दिसतो. सोमवारपासून सात दिवस मोजा की सत्तर, सोमवारच येतो. म्हणून पूर्ण तरंगलांब्या टाकून द्यायच्या आणि भागाकारातली बाकी तेवढी ठेवायची. कितीही मोठा उशीर असला तरी बाकी एका तरंगलांबीच्या आत मावते, आणि मग काही मायक्रॉन जाडीचा थर पुरतो. जाड काच सोलून तिचा उतार तेवढा ठेवण्याची कल्पना फ्रेंच अभियंता ऑगस्तँ फ्रेनेल याने १८२२ मध्ये मांडली, आणि १८२३ मध्ये त्याचे वर्तुळाकार कड्यांचे भिंग फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात बसले. देवगडच्या किल्ल्यावर आहे तशा दीपगृहांचा उजेड मैलोगणती दूर पोचवण्याचे जगभरातले तंत्र या कड्यांवर उभे राहिले. फ्रेनेलने काच सोलली ती वजन कमी करण्यासाठी. त्याच्या कड्या तरंगलांबीच्या मापाने कापलेल्या नव्हत्या. त्या मापाने कापल्या की तेच भिंग होलोग्राम होते.

होलोग्राम म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो क्रेडिट कार्डावरचा किंवा औषधाच्या खोक्यावरचा चमचमता शिक्का, नाहीतर हवेत तरंगणारे चित्र. त्यामुळे दुसरा आक्षेप असा येतो की होलोग्राम हे एक गोठलेले चित्र आहे, त्याचा प्रकाश हलवण्याशी काय संबंध? उत्तरासाठी मूळ शोधाकडे जावे लागते. डेनिस गाबोर या हंगेरियन-ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४७-४८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत ही कल्पना मांडली. छायाचित्राची फिल्म प्रकाश किती आला एवढेच टिपते. तो किती उशिराने आला हे हरवते. गाबोरने वस्तूवरून आलेल्या प्रकाशात एक सरळसाधा, ओळखीचा प्रकाश मिसळला. दोघांच्या व्यतिकरणातून उजेड-अंधाराचे पट्टे उमटले आणि त्या पट्ट्यांमध्ये उशीर नोंदला गेला. १९६० मध्ये लेसर आला, १९६२ मध्ये अमेरिकेत एमेट लीथ आणि यूरिस उपात्निएक्स यांनी, आणि सोव्हिएत संघात यूरी डेनिस्युक यांनी स्वतंत्रपणे या पद्धतीला बळकट रूप दिले. गाबोरला १९७१ मध्ये नोबेल मिळाले. आता प्रकाशाच्या एकाच बिंदूचा होलोग्राम काढला तर काय उमटते? एकात एक वर्तुळे, मध्ये विरळ आणि कडेला दाट. तेच तरंगलांबीच्या मापाने कापलेले फ्रेनेलचे कड्यांचे भिंग. त्यावर लेसर सोडला की प्रकाश पुन्हा एका बिंदूत एकवटतो. हजार बिंदूंच्या वस्तूचा होलोग्राम म्हणजे अशा हजार भिंगांची बेरीज. चित्र हा त्याचा एक उपयोग झाला. त्याचे खरे स्वरूप आहे उशिराचा लेखी हुकूम. आणि हुकूम लिहायला मूळ वस्तू असलीच पाहिजे असे नाही. १९६६ मध्ये अॅडॉल्फ लोहमान आणि त्यांच्या सहकाऱ्याने संगणकाने काढलेला होलोग्राम दाखवला, तर १९६९ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी भागाकारातली बाकी तेवढी होलोग्राममध्ये उतरवणारी पद्धत प्रसिद्ध केली.

पुढचे पाऊल म्हणजे हा हुकूम पुसून पुन्हा लिहिता येणारी पाटी. टीव्हीच्या पडद्यात असतात तसे द्रवस्फटिक सिलिकॉनच्या चकतीवर बसवले, की प्रत्येक चौकटीतला उशीर विजेच्या दाबाने कमी-जास्त करता येतो. अशा पाटीवर १९२० गुणिले १०८० चौकटी, म्हणजे वीस लाखांहून अधिक, आणि प्रत्येक चौकट आठ-दहा मायक्रॉनची. या पाटीवर उशिराचा सरळ उतार लिहिला की ठिपका बाजूला सरकतो. वर्तुळाकार कड्या लिहिल्या की तो खोलीत पुढे-मागे होतो. दोन्हींची बेरीज लिहिली की तिरका, खोल, हव्या त्या ठिकाणी जातो. आणि अनेक बिंदूंसाठी अनेक नक्षा एकत्र केल्या, की एकाच क्षणी पन्नास ठिपके पन्नास वेगवेगळ्या खोल्यांवर उभे राहतात. या सगळ्यात काच, आरसा, भिंग, काहीही जागचे हलत नाही. बदलतात ते चौकटींमधल्या रेणूंचे कल. मालवणच्या पाण्यात जे काम वारा करतो, ते इथे संगणक करतो. फरक इतकाच की संगणकाला खाली कुठे गाठ पडायला हवी हे आधी ठाऊक असते, आणि त्यावरून तो वरची लहर कशी असावी हे उलट दिशेने काढतो.

यावर अभियंत्याचा आक्षेप असा की साधा आरसा फिरवूनही ठिपका सरकतो. मग एवढा खटाटोप कशाला? आरसे स्वस्त आहेत, भरवशाचे आहेत आणि जिथे एकच ठिपका एका पातळीत फिरवायचा असतो, तिथे तेच वापरणे शहाणपणाचे आहे. अडचण खोलीची आहे. ठिपका वर-खाली करायचा तर भिंग किंवा समोरची वस्तू सरकवावी लागते. तिला वजन असते, वजनाला जडत्व असते, आणि जडत्वापुढे मिलिसेकंद हा फार थोडा वेळ ठरतो. शिवाय एक आरसा एका वेळी एकच ठिपका देतो. आता गरज पाहा. २००५ मध्ये एडवर्ड बॉयडन, कार्ल डाइसरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हिरव्या शेवाळातले प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन मेंदूच्या पेशीत घालून ती पेशी उजेडाने जागी करता येते हे दाखवले. मेंदूतली एक पेशी दहा-वीस मायक्रॉनची; तिचा एक संदेश मिलिसेकंदाभराचा; आणि एखादी आठवण किंवा हालचाल म्हणजे एका पातळीत नसलेल्या कितीतरी पेशींचा एकत्र झंकार. त्या झंकाराची भाषा वाचायची तर प्रकाश तिन्ही दिशांना विखुरलेल्या पेशींवर एकाच वेळी पडला पाहिजे, आणि मधल्या पेशींना धक्का लागता कामा नये. हे फिरत्या आरशाचे काम नाही.

पण द्रवस्फटिकाची पाटी तरी पुरेशी चपळ आहे का? हा सगळ्यांत कठीण आक्षेप आहे आणि त्याला झाकून चालणार नाही. द्रवस्फटिकाच्या रेणूंना वळायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून पाटी सेकंदाला काही दशक ते काही शे वेळाच बदलते. शिवाय प्रकाश वाटला जातो : शंभर ठिपके केले की प्रत्येकाच्या वाट्याला शंभरावा हिस्सा येतो. न वळलेला थोडा प्रकाश मधोमध नको तिथे ठिपका करतो, आणि बिंदू वाढले की त्यांच्यात नकोसे भुतासारखे ठिपकेही उमटतात. सूक्ष्म आरशांची पाटी यापेक्षा फार वेगवान आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये घडवलेल्या या पाटीतले लाखो चिमुकले आरसे सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा कलतात. पण प्रत्येक आरशाला दोनच स्थिती माहीत आहेत, चालू आणि बंद. अशा काळ्या-पांढऱ्या होलोग्राममधून हव्या त्या दिशेला जाणारा प्रकाश सिद्धान्तानेच दहाव्या हिश्शाच्या आसपास अडकतो. म्हणजे बिंदूंची संख्या, वेग आणि प्रकाशाची बचत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाती येत नाहीत. यावरून कोणी होलोग्राफीच्या मार्गालाच दोष देईल. माझ्या मते दोष मार्गाचा नाही, लिहिण्याच्या साहित्याचा आहे. आणि वेगवान साहित्य कोणते, याचे उत्तर पुन्हा लाटेकडेच नेते.

सप्टेंबर १९२१ मध्ये इंग्लंडहून परतणारे चंद्रशेखर वेंकट रामन नारकुंडा बोटीच्या कठड्यापाशी उभे राहून समुद्राचा निळा रंग तपासत होते. पृष्ठभागावरचे परावर्तन निकोल प्रिझमने छाटले तरी निळाई उरते, म्हणजे ती आभाळाची नुसती छाया नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी २६ सप्टेंबरच्या टिपणात नोंदवला. त्यावर ठिकाण होते मुंबई बंदर. पुढे १९३५-३६ मध्ये त्यांनी नागेंद्र नाथ यांच्यासह वेगळाच प्रश्न सोडवला. द्रवातून कानाला न ऐकू येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी सोडला तर त्यातून जाणारा प्रकाश अनेक दिशांना का फुटतो? त्यांचे उत्तर असे की ध्वनीमुळे द्रव कुठे दाट, कुठे विरळ होतो; दाट भागात प्रकाशाला जास्त उशीर होतो आणि बाहेर पडणारे तरंगाग्र सपाट न राहता पन्हळी पत्र्यासारखे होते. कोकणातल्या छपरावरचा पन्हळी पत्रा पाहिलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगावे लागू नये. ध्वनीची वारंवारता बदलली की पन्हळांची दाटी बदलते आणि प्रकाश वेगळ्या कोनात वळतो. टेल्युरियम डायऑक्साइडच्या सेंटीमीटरभर स्फटिकातून ध्वनी पार व्हायला दहा-वीस मायक्रोसेकंद लागतात, म्हणून सेकंदाला पन्नास हजारांच्या आसपास नव्या जागा गाठता येतात. आणि पन्हळ एका टोकाकडे दाट, दुसऱ्याकडे विरळ असा सोडला, तर स्फटिकच भिंग होतो आणि ठिपका खोलीत सरकतो. अडचण एकच : ध्वनी पुढे धावतो, म्हणून हे भिंगही धावते, मालवणच्या लहरीखाली उन्हाची रेषा धावते तसे. त्यावर तोड म्हणजे समोरासमोरून दोन ध्वनी सोडायचे. मग दोन्ही धावा एकमेकींना रद्द करतात आणि नाभी जागच्या जागी थांबते. मेंदूच्या अभ्यासासाठी अशा चार स्फटिकांची भिंगे आज वापरली जातात. समुद्रावर जे वारा करतो ते स्फटिकात नेमून करता आले, याचा पाया भारतीय शास्त्रज्ञांच्या त्या गणितात आहे.

हे सगळे महागड्या प्रयोगशाळांपुरते आहे, किनाऱ्यावरच्या माणसाला याचे काय, असाही प्रश्न येतो. प्रकाशाने वस्तू धरता येते हे आर्थर अॅश्किन यांनी १९८६ मध्ये एका एकवटलेल्या लेसरने दाखवले आणि २०१८ चे नोबेल मिळवले. १९९८ मध्ये एरिक ड्यूफ्रेन आणि डेव्हिड ग्रिअर यांनी होलोग्राफीच्या तत्त्वाने असे अनेक चिमटे एकाच लेसरमधून काढले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या चिमट्याने पेशीत माल वाहणाऱ्या प्रथिनांचे बळ मोजले. ते बळ न्यूटनच्या लाख कोटीव्या भागांत मोजावे लागते. मलिक यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळाला. समुद्राच्या बाबतीतही तत्त्व कोरडे राहिलेले नाही. पाण्यात सोडता येणारे होलोग्राफिक सूक्ष्मदर्शक गाबोरच्याच मूळ मांडणीने चालतात : एका बाजूला लेसर, दुसऱ्या बाजूला संवेदक, मध्ये पाणी. एका झटक्यात त्या पाण्यातल्या सगळ्या प्लवकांची जागा आणि खोली नोंदली जाते. बांगडा आणि पेडवे ज्यावर पोसतात ते हेच प्लवक. वेद चिरायथ यांनी नासात तयार केलेली पद्धत तर लहरींनाच कामाला लावते : वरून घेतलेल्या शेकडो चित्रांतून लहरीच्या माथ्यांनी क्षणभर मोठे करून दाखवलेले तुकडे संगणक निवडतो आणि तळाचे स्वच्छ चित्र जुळवतो. अमेरिकन सामोआच्या प्रवाळांवर ती वापरली गेली. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातल्या खडपांवरही प्रवाळ आहेत, आणि निवळ पाण्याच्या महिन्यांत हे तत्त्व इथेही लागू पडते.

तरीही एक शेवटची शंका उरते. गढूळ पाण्यात, दुधाळ पेशींत, मेंदूच्या जाड थरांत प्रकाश इतका विखुरतो की उशिराचा हिशेबच हरवतो; मग लिहिलेला हुकूम पोचणार कसा? २००७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात इव्हो वेलेकूप आणि अॅलार्ड मोस्क यांनी पांढऱ्या रंगाच्या अपारदर्शक थरामागे लेसर एकवटून दाखवला. थर उशीर कसा बिघडवतो हे चाचपून त्याच्या उलट उशीर त्यांनी पाटीवर लिहिला, आणि थरामागच्या एका बिंदूतला उजेड सुमारे हजारपट झाला. विखुरणे म्हणजे हरवणे नव्हे, तीही एक गुंतागुंतीची लाटच आहे, हे त्यातून ठरले. एवढ्याने सगळे प्रश्न सुटले असे नाही. जिवंत पेशी आणि वाहते पाणी क्षणाक्षणाला बदलतात, आणि चाचपणीचा वेग त्या बदलाला गाठू शकला तरच उपाय टिकतो. पण दिशा स्पष्ट आहे, आणि ती जास्त दिवे लावण्याची नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. प्रखर एलईडी दिवे समुद्रात ओतून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, आणि इथले पारंपरिक मच्छीमार तिच्या अंमलबजावणीसाठी झगडत आले आहेत. प्रकाश किती ओतला यापेक्षा तो कुठे आणि केव्हा पडला यावर त्याचे भले-बुरे ठरते. होलोग्राफी हे त्या दुसऱ्या प्रश्नाचे शास्त्र आहे.

किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. तरंग, अपवर्तन आणि नाभी हे धडे फळ्यावर शिकवण्याआधी मुलांना एखाद्या निवळ सकाळी उथळ पाण्यापाशी न्या. बरोबर एक पांढरे ताट आणि एक मोजपट्टी असू द्या. ताट पाण्यात आडवे धरून हळूहळू खाली न्या. सुरुवातीला त्यावर नुसता अस्पष्ट उजेड हलताना दिसेल, मग रेषा उमटतील, बारीक होतील आणि आणखी खाली गेल्यावर पुन्हा पसरतील. ज्या खोलीवर रेषा सर्वांत बारीक दिसते, ती खोली मोजा आणि तिला चाराने भागा. जो आकडा येईल, ती त्या वेळी वरून जाणाऱ्या लहरींच्या माथ्याची साधारण त्रिज्या.